संशयित माणसाचे नाव : अमेरिकी पोलिसांच्या एका प्रश्नाचा इतिहास

१/ १९६८ हे अमेरिकेच्या इतिहासातील अत्यंत खळबळीचे वर्ष. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा उद्रेक सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच वर्षीच्या दोन घटना मात्र तुलनेने गाजावाजा न होता घडून गेल्या. १६ फेब्रुवारीला अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावात ९११ या क्रमांकावर पहिला दूरध्वनी झाला. १० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ‘टेरी विरुद्ध ओहायो’ या खटल्याचा निकाल दिला.

२/ पहिल्या घटनेने सामान्य नागरिकाच्या हाती पोलिसांना तत्काळ बोलावण्याचे साधन दिले. दुसरीने पोलिसांना अटक न करताही रस्त्यावरील माणसाला थांबवण्याचा अधिकार दिला. या दोहोंच्या संगमावर एक प्रश्न उभा राहतो. ‘आमच्या गल्लीत कुणी संशयित माणूस फिरतो आहे’ असा फोन होतो, पोलीस येतात आणि त्या माणसाला म्हणतात, ‘ओळखपत्र दाखव.’ त्याने ते दाखवलेच पाहिजे का? या प्रश्नाची मुळे १९६८ च्या फार मागे, गुलामगिरीच्या काळात जातात.

३/ १७१३ साली न्यूयॉर्क शहराने एक नियम केला. चौदा वर्षांवरील कृष्णवर्णीय वा मूलनिवासी गुलामाने सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यावर पेटता कंदील हाती घेतल्याशिवाय एकट्याने रस्त्यावर दिसू नये. कंदील वाट दिसावी म्हणून नव्हता. त्या माणसाचा चेहरा इतरांना दिसावा म्हणून होता. दक्षिणेकडील वसाहतींत गस्ती पथके फिरत आणि मालकाच्या सहीचा पास जवळ नसलेल्या गुलामाला तिथेच फटके देत. रस्त्यावर अडवून ओळख मागण्याची प्रथा अशी जुनी आहे.

४/ स्वतंत्र कृष्णवर्णीयांचीही यातून सुटका नव्हती. आपण गुलाम नाही हे सिद्ध करणारे कागद त्यांना सतत जवळ बाळगावे लागत. ३ सप्टेंबर १८३८ रोजी फ्रेडरिक डग्लस बाल्टिमोरहून आगगाडीने पळाले, ते एका खलाशी मित्राचे उसने ओळखपत्र घेऊन. त्यावरील वर्णन डग्लस यांच्याशी नीट जुळत नव्हते. पण कागदावर अमेरिकी गरुडाचे चित्र होते. तपासनिसाने ओझरती नजर टाकली आणि तो पुढे गेला. त्या ओझरत्या नजरेमुळे देशाला एकोणिसाव्या शतकातील एक थोर वक्ता लाभला.

५/ १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी पासची कल्पना टिकून राहिली. मिसिसिपी राज्याने त्याच वर्षी केलेल्या कायद्यांनुसार प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीयाजवळ आपल्या कामधंद्याचा लेखी पुरावा असणे आवश्यक ठरले. पुरावा नसला तर तो ‘उनाड’, उनाड ठरला तर दंड, आणि दंड भरता आला नाही तर त्याची मजुरी दुसऱ्याच्या हवाली. वरकरणी हा कायदा उनाडगिरीविरुद्ध होता. प्रत्यक्षात एका समाजाचे रस्त्यावर असणे हाच गुन्हा ठरत होता.

६/ १८९२ च्या गीअरी कायद्याने हीच युक्ती चिनी मजुरांवर योजली. प्रत्येकाने निवासाचा दाखला घ्यावा. दाखला नसलेला मजूर हद्दपारीस पात्र. दाखला का घेता आला नाही याचे समाधानकारक कारण द्यावे लागे, आणि आपण आधीपासून इथेच राहतो हे सिद्ध करण्यासाठी किमान एक विश्वासार्ह ‘गोरा’ साक्षीदार आणावा लागे. चिनी समाजाने मोठ्या प्रमाणावर नोंदणीवर बहिष्कार टाकला. पण १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा उचलून धरला.

७/ महाराष्ट्राला ही कथा परकी वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिंदुस्थानात अनेक जमातींना जन्मतः संशयित ठरवले. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. ठरल्या वेळी पोलिसांकडे हजेरी, हद्द ओलांडायची तर पास, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचलेल्यांना ठाऊक आहे की कायदा गेला तरी पोलिसी नजर एका दिवसात जात नाही.

८/ या सर्व कायद्यांत एक समान धागा आहे. माणसाने काय केले, हे ते विचारतच नाहीत. तो कोण आहे, कसा दिसतो आणि इथे कशाला आला, एवढेच विचारतात. संशय कृतीला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी न्यायालयांपुढे जे खटले आले, त्यांचा गाभा हाच होता : संशय माणसावरून काढून कृतीवर कसा आणायचा?

९/ पहिला मोठा आघात झाला फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या उनाडगिरीच्या नियमावर. इंग्लंडमधील एलिझाबेथकालीन कायद्यांची भाषा त्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली होती. ठक, भटके, रात्री हिंडणारे, वैध हेतूविना इकडेतिकडे फिरणारे, असे सगळेच त्यात गुन्हेगार. या नियमाखाली शिक्षा झालेल्या आठ जणांपैकी चौघे एका मोटारीतून रात्री क्लबकडे निघाले होते : दोन कृष्णवर्णीय पुरुष आणि दोन गोऱ्या स्त्रिया.

१०/ १९७२ साली ‘पापाक्रिस्टू विरुद्ध जॅक्सनव्हिल’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचे. युक्तिवाद साधा होता. कोणती कृती निषिद्ध आहे हे सामान्य माणसाला कळतच नसेल, तर तो कायदा नव्हे; तो पोलिसांच्या मर्जीचा परवाना आहे. रमतगमत चालणे आणि निरुद्देश भटकणे या गोष्टी स्वतंत्र समाजाच्या सवयींपैकी आहेत, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले.

११/ त्याआधी चार वर्षे ‘टेरी’चा निकाल लागला होता. ३१ ऑक्टोबर १९६३ ची दुपार, क्लीव्हलंड शहर. एकोणचाळीस वर्षांची नोकरी झालेले साध्या वेशातील हवालदार मार्टिन मॅकफॅडन यांना दोन माणसे दिसली. ती आळीपाळीने एका दुकानाच्या काचेत डोकावत आणि परत येत. अशा सुमारे बारा फेऱ्या झाल्या. मध्येच एक तिसरा माणूस येऊन बोलून गेला. दरोड्याची टेहळणी चालली आहे असे मॅकफॅडन यांना वाटले.

१२/ जवळ जाऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नावाचा. उत्तरादाखल काहीतरी पुटपुटणे ऐकू आले. मॅकफॅडन यांनी जॉन टेरी याला फिरवून कोट चाचपला, तर आत पिस्तूल सापडले. प्रश्न असा होता : नागरिकांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी १७९१ ची चौथी घटनादुरुस्ती अटकेसाठी सबळ कारण मागते. मॅकफॅडन यांच्याजवळ तेवढे कारण नव्हते. मग ही झडती वैध कशी?

१३/ आठ विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने मधली वाट काढली. गुन्हा घडतो आहे वा घडणार आहे असा ‘वाजवी संशय’ असेल, तर पोलीस माणसाला थोडा वेळ थांबवू शकतात. तो सशस्त्र असल्याची भीती असेल, तर वरून चाचपूही शकतात. मात्र हा संशय नेमक्या, शब्दांत मांडता येणाऱ्या तथ्यांवर उभा असला पाहिजे. नुसती कुणकुण पुरत नाही. एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी भिन्नमत नोंदवले : एवढा अधिकार न्यायाधीशालाही नाही, तो पोलिसाला कसा?

१४/ थांबवता येते हे ठरले. पण थांबवलेल्या माणसाने नाव सांगितलेच पाहिजे का? न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी सहमतीच्या टिपणात लिहिले की त्याच्यावर उत्तराची सक्ती नाही आणि उत्तर न देणे हे अटकेचे कारण होऊ शकत नाही. मात्र हे एका न्यायाधीशाचे मत होते, निर्णय नव्हे. पुढली छत्तीस वर्षे हा धागा लोंबकळत राहिला.

१५/ ९ डिसेंबर १९७७, टेक्सासमधील एल पासो. दुपारी पाऊण वाजता एका बोळात दोन माणसे एकमेकांपासून दूर जाताना गस्तीच्या गाडीतून दिसली. पोलिसांनी एकाला अडवून नाव विचारले. त्याने नकार दिला. त्याला का थांबवले? तो संशयास्पद दिसत होता, त्या भागात पूर्वी कधी दिसला नव्हता, आणि तो भाग अमली पदार्थांसाठी कुख्यात होता. नेमके काय संशयास्पद होते, हे पोलिसांना सांगता आले नाही. नाव न सांगितल्याबद्दल त्याला दंड झाला.

१६/ १९७९ मध्ये ‘ब्राऊन विरुद्ध टेक्सास’ या खटल्यात न्यायालयाने ही शिक्षा एकमताने रद्द केली. एखाद्या बदनाम वस्तीत उभे असणे म्हणजे तिथला गुन्हेगार असणे नव्हे. वाजवी संशय नसेल तर थांबवणेच बेकायदा. आणि थांबवणे बेकायदा असेल तर नाव न सांगण्याची शिक्षा टिकत नाही. ‘अनोळखी’ आणि ‘संशयित’ हे दोन शब्द न्यायालयाने इथे वेगळे केले.

१७/ याच सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो भागात एडवर्ड लॉसन नावाचा कृष्णवर्णीय, जटाधारी तरुण पायी हिंडत असे. चालण्याची त्याला आवड होती. मार्च १९७५ ते जानेवारी १९७७ या काळात पोलिसांनी त्याला सुमारे पंधरा वेळा अडवले वा पकडले. तिथला कायदा म्हणे की थांबवल्यावर ‘विश्वासार्ह’ ओळख दिली पाहिजे. विश्वासार्ह म्हणजे काय, हे त्या त्या वेळी समोरचा पोलीस ठरवणार.

१८/ लॉसन वकिलाविना स्वतःच कज्जा लढू लागला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १९८३ च्या ‘कोलेंडर विरुद्ध लॉसन’ या निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी बहुमताच्या वतीने तो कायदा संदिग्धतेच्या कारणावरून घटनाबाह्य ठरवला. किती ओळख पुरेशी हे नागरिकाला आधी कळायची सोय नसेल, तर त्याचे रस्त्यावर चालण्याचे स्वातंत्र्य गस्तीवरील शिपायाच्या लहरीवर टांगलेले राहते.

१९/ लोंबकळणारा धागा अखेर नेवाडात सुटला, आणि त्याची सुरुवात एका फोनने झाली. २१ मे २००० रोजी एकाने कळवले की लाल-रुपेरी ट्रकमध्ये एक पुरुष एका स्त्रीला मारतो आहे. शेरीफच्या कर्मचाऱ्याला तसा ट्रक रस्त्याकडेला सापडला. बाहेर लॅरी हायबेल उभा, आत तरुणी. ती त्याची मुलगी होती. कर्मचाऱ्याने अकरा वेळा ओळख मागितली. हायबेलने अकराही वेळा नकार दिला. त्याला अटक झाली आणि २५० डॉलर दंड बसला.

२०/ २१ जून २००४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम झाली. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचा : थांबवणे मुळात वैध असेल आणि राज्याचा तसा कायदा असेल, तर नाव सांगण्याची सक्ती घटनेला धरून आहे. पण मर्यादाही तितकीच महत्त्वाची. नेवाडाचा कायदा नाव मागत होता, कागद नव्हे. भिन्नमतात न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी बजावले की संगणकाच्या युगात नाव ही माणसाविषयीच्या अफाट माहितीची किल्ली असते.

२१/ इथे फोनचा प्रश्न पुन्हा समोर येतो. नेवाडातील फोनने विशिष्ट कृती सांगितली होती : मारहाण. पण फोन निनावी आणि मोघम असेल तर? मायामी परिसरात १३ ऑक्टोबर १९९५ रोजी एका निनावी फोनवरून कळले की बसथांब्यावर चौकड्याच्या सदऱ्यातील कृष्णवर्णीय तरुणाजवळ बंदूक आहे. पोलीस आले, मुलगा सापडला, झडतीत बंदूकही मिळाली. तरीही २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती झडती एकमताने अवैध ठरवली.

२२/ न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा तर्क असा : निनावी माणसाने सदऱ्याचे वर्णन बरोबर केले, म्हणजे त्याने मुलाला पाहिले एवढेच सिद्ध होते, तो गुन्हा करतो आहे हे त्याला कसे कळले, याचा पत्ता नाही. अन्यथा कुणीही कुणावरही सूड उगवण्यासाठी एक फोन करील. २०१४ च्या ‘नवारेटे’ खटल्यात न्यायालय थोडे सैल झाले. ट्रकने आपली गाडी रस्त्याबाहेर ढकलली असे ९११ वर कळवणाऱ्या निनावी व्यक्तीचा फोन पुरेसा मानला गेला, कारण ती व्यक्ती घटनेची प्रत्यक्षदर्शी होती. निकाल पाच विरुद्ध चार.

२३/ म्हणजे कायद्याची आजची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. पोलीस कुणालाही सहज प्रश्न विचारू शकतात; त्या माणसाला उत्तर न देता निघून जाता येते. वाजवी संशय असेल तर थांबवता येते, आणि सुमारे निम्म्या राज्यांत असे कायदे आहेत की ज्यांनुसार तेव्हा नाव सांगावे लागते. पादचाऱ्याला ओळखपत्र जवळ बाळगण्याची सर्वसाधारण सक्ती मात्र नाही. तिसरी पायरी अटकेची. फोन पोलिसांना घटनास्थळी आणतो. तो आपोआप दुसऱ्या पायरीवर चढवत नाही.

२४/ दोन अपवाद ध्यानी ठेवण्याजोगे. गाडी चालवणाऱ्याला वैधपणे थांबवले तर लायसन्स दाखवावे लागते. मात्र केवळ लायसन्स तपासण्यासाठी वाटेल त्या गाडीला अडवता येत नाही, असे १९७९ च्याच एका निकालाने ठरले. दुसरा अपवाद अमेरिकेतील मराठी घरांना लागू पडणारा : अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रे, उदाहरणार्थ ग्रीन कार्ड, जवळ बाळगावीत असे केंद्रीय कायदा सांगतो. नागरिकाला मोकळीक आहे, परक्याला नाही. गीअरी कायद्याची सावली अशी लांबवर पडते.

२५/ नियम आणि वास्तव यांतले अंतर १६ जुलै २००९ रोजी जगाने पाहिले. हार्वर्डचे प्राध्यापक आणि कृष्णवर्णीय इतिहास-साहित्याचे नामांकित अभ्यासक हेन्री लुईस गेट्स प्रवासाहून घरी परतले. दार अडकले होते, ते चालकाच्या मदतीने ढकलावे लागले. रस्त्यावरून ९११ ला फोन गेला. फोन करणारीने सावधपणे सांगितले होते की ही माणसे तिथेच राहत असतील, तिला ठाऊक नाही. पोलीस आले, ओळख मागितली, शब्दाने शब्द वाढला. आपल्याच घरी राहत असल्याची ओळख दाखवूनही गेट्स यांना गैरवर्तनाच्या आरोपावरून बेड्या पडल्या. पाच दिवसांत आरोप मागे घेतला गेला.

२६/ हे एका विख्यात माणसाचे झाले. अनामिकांचे आकडे न्यूयॉर्कच्या खटल्यात उघड झाले. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी ४४ लाखांहून अधिक वेळा लोकांना रस्त्यात थांबवले. त्यांतील ८३ टक्के प्रसंगांत माणूस कृष्णवर्णीय वा हिस्पॅनिक होता. ८८ टक्के प्रसंगांत ना अटक, ना समन्स. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली गेली, ती घटनाबाह्य ठरवली.

२७/ भारतात काय? दखलपात्र नसलेला गुन्हा पोलिसासमोर घडला आणि त्या माणसाने नाव-पत्ता सांगण्यास नकार दिला, तर तो शोधून काढण्यापुरती अटक करता येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२ मधील ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये आहे. इथेही कळीचा शब्द ‘गुन्हा’ आहे, ‘चेहरा’ नव्हे. कागदावर तरी.

२८/ १७१३ चा कंदील, १८३८ चा उसना कागद, १८९२ चा दाखला आणि सॅन दिएगोतील पंधरा अडवणुका एकाच रस्त्यावरच्या खुणा आहेत. न्यायालयांनी शतकभराच्या घोळानंतर संशय माणसावरून कृतीवर आणला. पण फोन उचलणारा हात न्यायालयात शिकलेला नसतो. ‘काय घडते आहे?’ या प्रश्नाला त्याच्याकडे ‘कुणीतरी वेगळाच दिसतो आहे’ एवढेच उत्तर असेल, तर जुना कंदील पुन्हा पेटतो. तो विझवणे पोलिसांआधी फोन करणाऱ्याच्या हाती असते.

(समाप्त)